जमीन मऊ होईपर्यंत

१

थेडा ब्रूसार जानेवारीत गेली, पण तिला पुरायला मे उजाडावा लागणार होता. उत्तर डकोटातल्या ब्रेकनसारख्या गावात हिवाळ्यात मेलेल्या माणसाला हे चुकत नाही. जमीन अशी गोठते की कुदळच उलटून अंगावर येते. मग कबरस्तानाच्या टोकाला असलेल्या दगडी खोलीत शवपेटी ठेवायची, दाराला कुलूप घालायचं आणि जमीन मऊ होण्याची वाट बघत बसायचं. थेडा मूळची लुईझियानाची, म्हणजे उन्हातली. जन्मभर थंडीला शिव्या घालून शेवटी तिच्याच ताब्यात गेली, असं लोक प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना म्हणत होते आणि हळूच हसतही होते.

मार्लिस ओडेगार्ड मात्र हसत नव्हती. ती माजी सैनिकांची कामं बघणारी तालुक्याची अधिकारी होती. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाला दवाखाना मिळेना, की लोक तिच्या टेबलाशी येत. थेडाही सहा वर्षांपूर्वी आली होती आणि रिकाम्या हाताने परत गेली होती. म्हणून आज मार्लिस कॉफीच्या मोठ्या भांड्याआड उभी राहून उगाच कप पुसत होती.

तेवढ्यात व्हर्डेल स्टाइन जोलीनपाशी गेला. जोलीन ही थेडाची बायको. कायद्याने लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती, पण संसार जन्माचा होता. व्हर्डेल गावच्या माजी सैनिक संघाचा प्रमुख. कुणी जुना सैनिक गेला की बंदुकांची सलामी द्यायची आणि घडी केलेला झेंडा घरच्यांच्या हातात ठेवायचा, हे काम त्याचं.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मे महिन्यात झेंडा नाही देता येणार. सलामीही नाही. तिला काढलं त्या कागदावर जे कारण लिहिलंय, ते लिहिलंय. माझे हात बांधलेत."

जोलीनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ कॉफीच्या भांड्याशी आली.

"मार्लिस, त्या कागदावरचं खोटं आहे," ती म्हणाली. "आणि ज्याने ते सांगितलं, तो या तळघरात बसून केक खातोय."

२

थेडा हवाई दलात होती. गावाबाहेरच्या तळावर, वाहनशाळेत, गाड्या दुरुस्त करायची. १९८३ च्या हिवाळ्यात तिला काढलं. कागदावर कारण पडलं: समलैंगिक वर्तन, तळाच्या हद्दीत, उघड्यावर. तेव्हा बाईने बाईवर प्रेम करणं एवढंच हाकलायला पुरे होतं. पुढे ती बंदी उठली आणि तेवढ्याच कारणावरून काढलेल्यांचे कागद हवाई दलाचं एक मंडळ दुरुस्त करून देऊ लागलं. थेडाचं घोडं अडलं ते शेवटच्या शब्दावर. उघड्यावर म्हणजे गैरवर्तन, आणि गैरवर्तनाला माफी नाही, असं म्हणून मंडळाने हात झटकले होते.

दुसऱ्या दिवशी मार्लिस जोलीनच्या स्वयंपाकघरात बसली. जोलीनने तिच्यापुढे गव्हाच्या गोळ्यांचं दाट सूप ठेवलं आणि म्हणाली, "आता वाच. मोठ्याने."

ती साक्षीदाराची जबानी होती. सहा वर्षांपूर्वी थेडाने ती वाचायला साफ नकार दिला होता. 'माझ्याबद्दलची घाण मी का वाचू? तू वाच आणि काय करायचं ते कर,' असं म्हणाली होती. मार्लिसने वाचली होती. कशी वाचली होती ते तिचं तिला ठाऊक होतं.

साक्षीदार सांगत होता की ब्रूसारची गाडी संध्याकाळच्या जेवणापासून मध्यरात्रीपर्यंत वाहनशाळेमागे इंजिन बंद करून उभी होती. इंजिन गोठू नये म्हणून विजेच्या खांबाला लावतात ती वायर लावलेली नव्हती, आरशाला गुंडाळलेली होती. थंडी शून्याखाली पस्तीस. आपण बाहेरून समोरच्या काचेतून आत बसलेल्या दोघींना स्पष्ट पाहिलं. पुढे काय पाहिलं त्याच्या चार ओळी होत्या. मग गाडी चटकन सुरू होऊन निघून गेली.

त्या चार ओळी वाचताना मार्लिसचे कान तापले. जोलीन शांत होती.

"आम्ही एकमेकींच्या होतो, ते मी कधी नाकारलं नाही," ती म्हणाली. "पण त्या गाडीत आम्ही कधीच नव्हतो. मी तळाच्या कँटीनमध्ये कामाला होते, माझी खोली होती, चूल होती. गाडीत कशाला मरायला जाऊ?"

साक्षीदाराचं नाव काळं केलेलं होतं. खाली 'वाहनशाळेत नेमणूक' एवढं राहून गेलं होतं. त्या वाहनशाळेत तेव्हा थेडाशिवाय तिघेच होते, आणि तिघेही अजून ब्रेकनमध्ये होते. व्हर्डेल स्टाइन, जन्माने इथलाच, तेव्हा तिथला मुख्य हवालदार होता. रोलंड पिकेट आता कॅफे चालवत होता. तो फ्लोरिडाचा, थेडाला मागणी घालून नकार पचवलेला. आणि आर्डन स्कोगन इथलाच शेतकऱ्याचा मुलगा, थेडाचा मित्र.

"आर्डनला सोड," जोलीन म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यात त्यानेच तिला इंजिनाची वायर खांबाच्या प्लगला लावायला शिकवली. त्यानंतर हिने वेड घेतलं बघ. कुठेही गेली तरी आधी वायर लावणार. आमच्या लग्नातसुद्धा शपथ अर्धी टाकून बाहेर गेली. आणि आर्डन दर हिवाळ्यात आमच्या अंगणातला बर्फ काढतो. एक पैसा घेत नाही."

मार्लिसने मान हलवली. पण इतकी वर्षं फुकट बर्फ का काढतो, हा प्रश्न तिच्या डोक्यात कुठेतरी बसला.

३

व्हर्डेलने तिला आपल्या दारातच अडवलं. त्याचा पारा चढलेला होता.

"मी सांगितलं असं वाटतंय ना तुला? मी तिचा हवालदार होतो. माझ्या हाताखाली तिच्याइतकं चांगलं इंजिन कुणी जोडलं नाही. तिला नेलं तेव्हा मी गप्प बसलो, तेवढं लिही. पण चहाडी मी केली नाही."

त्या रात्री तुम्ही कुठे होता, असं मार्लिसने विचारलं. तो म्हणाला, सुट्टीवर, बायकोच्या बाळंतपणाला, हवं तर मुलीचा वाढदिवस विचार. मग त्याचा आवाज उतरला. तळाचा मुख्य अधिकारीही त्याच आठवड्यात बाहेर होता, तो म्हणाला. चौकशीला आलेले दोघे टेक्सासहून आले होते, पातळ बुटात. सगळे कागद परस्पर दक्षिणेकडे गेले आणि दोन आठवड्यांत थेडा फाटकाबाहेर.

"कागद बदलून आण, मार्लिस," दार लावताना तो म्हणाला. "बंदुका मी पुसून ठेवतो."

आर्डन गोठ्यात होता. लांबसडक, अबोल, एकटा राहिलेला माणूस. थेडाचं नाव निघताच त्याने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. जबानी पुन्हा उघडली आहे, असं मार्लिस म्हणाली. आत काय आहे ते तिने सांगितलं नाही.

"नीट वाचलीस का?" आर्डनने विचारलं.

"वाचली की."

"नाही, नीट वाचलीस का?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी शोधत असल्यासारखा बघत होता, आणि ते न सापडल्यावर त्याचे खांदे पडले. मग तो गाईंकडे वळला. गाडीत बसताना मार्लिसला आठवलं की सहा वर्षांपूर्वी अर्ज फेटाळला गेला, तेव्हाही याने चर्चमध्ये गाठून हेच विचारलं होतं. तेव्हा ती चिडली होती. गावातल्या माणसाला असल्या चार ओळींचं फार कौतुक, असं तिला वाटलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोलंडच्या कॅफेसमोर पोहोचली तेव्हा तो अजून उघडायचा होता. तिने इंजिन बंद केलं, जबानी मांडीवर उघडली आणि ठरवलं की आज प्रत्येक शब्द वाचायचा, लाज वाटली तरी.

त्या चार ओळींशी आल्यावर नेहमीसारखी तिची मान खाली गेली आणि डोळे घसरून पुढच्या परिच्छेदावर गेले. तिने स्वतःला मागे ओढलं. पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. मग कॅफे उघडला का बघायला मान वर केली.

कॅफे दिसत नव्हता. रस्ताही दिसत नव्हता. समोरची काच आतून पांढरीफटक झाली होती.

तिच्या एकटीच्या श्वासाने ती झाली होती, आणि तीही इतक्या लवकर. बाहेर तर आज शून्याखाली वीसच होतं. श्वासातली वाफ काचेवर बसते आणि तिथेच गोठते, हे ब्रेकनमधलं शाळकरी पोरही जाणतं. पोरं त्यावर नखाने नावं काढतात. शून्याखाली पस्तीसला, बंद इंजिनाच्या गाडीत, जेवणापासून मध्यरात्रीपर्यंत दोन माणसं बसली असती, तर काचेवर बोटभर हिम चढलं असतं. त्यातून कुणालाच काहीही दिसलं नसतं. आणि वायर न लावता तितका वेळ उभी राहिलेली गाडी चटकन सुरू? ती सकाळपर्यंत हू की चू करत नाही. त्या थंडीत आत बसलेल्या दोघींचंही तेच झालं असतं.

जबानी खोटी होती. नुसती खोटी नाही, हास्यास्पद होती. मार्लिसचा जन्म इथला, पन्नासावर हिवाळे तिने काढले होते, आणि सहा वर्षं हे कपाटात ठेवून ती झोपली होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की हिम खरवडून काढायलाही हात उचलेना.

मग काचेवर बाहेरून टकटक झाली. "मेलीस का आत?" रोलंड विचारत होता.

५

थंडी न कळणारा माणूसच असली गोष्ट रचू शकतो. तिघांत बाहेरचा एकच. म्हणून मार्लिसने कॉफी येण्याआधीच जबानी रोलंडपुढे सरकवली.

त्याने ती वाचली आणि मोठ्याने हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"मी रचली असं वाटतंय तुला? फ्लोरिडाचा म्हणून?" त्याने डावा बूट काउंटरवर ठेवला. "यात दोन बोटं कमी आहेत. पहिल्याच वर्षी थंडीने गेली. त्र्याऐंशीपर्यंत माझे तीन हिवाळे झाले होते, बाई. मला थंडी काय ते विचारू नकोस."

"तिने तुला नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतं, आणि वर माझ्यासाठी दुसरी पोरगी शोधून दिली. तीच आत अंडी तळतेय." त्याने कागद पुन्हा ओढला आणि बोट ठेवलं. "हे बघ. ही वायर. आरशाला गुंडाळलेली. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला ती वायर दिसतच नाही. त्याला ती कशाची ते कळत नाही, मग तो ती लावली नव्हती हे कशाला सांगेल? ज्याला वायर म्हणजे काय ते पक्कं कळतं, तोच ती लावली नव्हती असं मुद्दाम सांगेल."

मार्लिसने कप खाली ठेवला. इंजिन बंद. थंडीचा आकडा. लावली नसलेली वायर. स्पष्ट काच. चटकन सुरू झालेली गाडी. हे सगळं कुणी चुकून घातलेलं नव्हतं. इथला हिवाळा कोळून प्यायलेल्या माणसाने ते एकावर एक रचलं होतं. पण ज्याला कळतं तो असं का सांगेल? कुणी विश्वास ठेवावा म्हणून नाही. कुणी ठेवू नये म्हणून.

नीट वाचलीस का?

तिने पर्स उचलली आणि कॉफी तशीच सोडून निघाली.

६

आर्डन स्वयंपाकघरात बसला होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून एवढंच म्हटलं, "काचेवर हिम चढलं असतं, आर्डन."

त्याने डोळे मिटले. मग त्याने दोघांसाठी कॉफी ओतली आणि किटली खाली ठेवली.

"टेक्सासच्या त्या दोघांनी मला खोलीत बसवलं," तो म्हणाला. "म्हणाले, तिचं सांग, नाहीतर तुझं लिहितो. माझं काय लिहिणार, मी विचारलं. ते हसले. तुला लग्न का करायचं नाही ते तुझ्या बापाला कळवू का, म्हणाले. मी बावीस वर्षांचा होतो, मार्लिस. माझं काय होतं ते मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं."

"म्हणून तिचं नाव दिलंस."

"त्यांच्याकडे नाव होतंच. त्यांना पाहणारा हवा होता. मला वाटलं, असं काहीतरी सांगू की ऐकणारा पोट धरून हसेल. मी बोललो, ते लिहीत गेले. एकाने तर ती वायर कशाची ते दोनदा विचारलं. मी घरी आलो तो जवळपास खुशीत. मुख्य अधिकारी इथला मुरलेला होता. कागद त्याच्या टेबलावर जाईल, तो हसून फाडून टाकेल, असं धरून चाललो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तो कागद टेक्सासला गेला. तिथे जानेवारीत लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतात. कुणीच हसलं नाही."

मार्लिसला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींवर तिचा हक्क नव्हता.

"तिला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगणार होतो. बर्फ काढायला गेलो की ती कॉफी घेऊन बाहेर यायची. म्हणायची, आर्डन, तू नसतास तर मी पहिल्याच हिवाळ्यात गोठले असते. त्यापुढे तोंड उघडायचं नाही. मग तू अर्ज केलास. मला वाटलं, मार्लिस इथली आहे, ती वाचेल आणि तिला कळेल. मला बोलावं लागणार नाही."

हे वाक्य मार्लिसच्या वर्मी बसलं. ती खुर्चीत बसली.

"आता बोलावं लागेल," ती म्हणाली. "शपथेवर, मंडळापुढे. का बोललास तेही विचारतील. आणि त्याआधी जोलीनपुढे."

आर्डनने कोट खुंटीवरून काढला.

७

जोलीनने उभ्याने ऐकलं. आर्डन सगळं बोलला, लग्न का केलं नाही तेही बोलला. त्याच्या आयुष्यात ते पहिल्यांदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मोठ्याने उच्चारलं गेलं. जोलीनचा चेहरा हलला नाही.

"कुणी न विचारता हे आपणहून सांगितलं असतंस, तर मी तुला जवळ घेतलं असतं, आर्डन," ती शेवटी म्हणाली. "थेडाने तर नक्कीच. तिच्यापाशी एकदा बोलला असतास, तर ती स्वतःच गेली असती मंडळाकडे, काचेची गोष्ट सांगत, हसत. तू तिच्याकडून तेवढंही काढून घेतलंस."

मग ती मार्लिसकडे वळली. "आणि तू? तू इथली ना? तुला कसं दिसलं नाही?"

सबबी खूप होत्या. मार्लिसने त्यांतली एकही काढली नाही.

"मी मान खाली घालून वाचलं," ती म्हणाली. "ते वाचायची मला लाज वाटली. तुमचीच लाज वाटली, जोलीन. म्हणून पुढचं काहीच दिसलं नाही."

जोलीनने तिच्याकडे पाहिलं आणि सुपाखालची आच बंद केली. त्या दिवशी तिने कुणालाच बस म्हटलं नाही.

सुनावणी मार्चमध्ये फोनवरून झाली. प्रेत थांबलंय म्हटल्यावर मंडळाने लवकर तारीख दिली होती. आर्डन मार्लिसच्या टेबलाशी ताठ बसून बोलला. मंडळातल्या एकाने विचारलं की तेव्हाची जबानी खरी धरू नये असं तिच्यात काय आहे. मार्लिसने वाचायला सुरुवात केली: इंजिन बंद, वायर आरशाला, शून्याखाली पस्तीस, स्पष्ट काच. गाडी चटकन सुरू झाली हे आलं तेव्हा पलीकडून एक बाई खुदकन हसली. मग तिने माफी मागितली आणि म्हणाली की ती मोंटानाची आहे, तिकडेही अशीच थंडी.

आर्डनने त्या हसण्याची छत्तीस वर्षं वाट पाहिली होती. त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि फोन चालू असतानाच तो रडू लागला.

एप्रिलअखेर कागद आला. कारण खोडलं गेलं होतं आणि त्याजागी होतं: सन्मानाने सेवामुक्त. व्हर्डेलने तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसायला आत निघून गेला.

ब्रेकनमध्ये कबर शेजारपाजारचे लोक खोदतात. आर्डन जोलीनच्या दाराशी टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, मला खोदू दे.

"खोद," जोलीन म्हणाली. "पण सलामीच्या वेळी तिथे उभा राहू नकोस."

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सगळं गाव कबरस्तानात होतं. कबरीच्या कडा सुबक, सरळ कापलेल्या होत्या. रोलंड बायकोला घेऊन आला होता. व्हर्डेलची माणसं रांगेत उभी होती, बंदुका लख्ख पुसलेल्या. मार्लिसला पहिल्या रांगेत जागा ठेवली होती. अर्ज तिने जिंकला म्हणून लोक तिचा हात दाबत होते, शाबासकी देत होते, आणि प्रत्येक शाबासकी तिला टोचत होती. जोलीनने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर झेंड्याकडे नेली.

कुंपणापलीकडे रस्त्यावर आर्डनची जुनी गाडी उभी होती. तो तिला टेकून उभा होता. बुटांना ओली काळी माती लागलेली होती.

व्हर्डेलने नाव पुकारलं. थेडा मरी ब्रूसार, युनायटेड स्टेट्स हवाई दल. मार्लिस उठली, लोकांची माफी मागत रांगेतून बाहेर आली आणि गवतातून चालत फाटकाबाहेर गेली. आर्डनने तिच्याकडे पाहिलं.

"तुझी जागा आत आहे," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी गाडीला टेकली.

पहिली फैर झडली तेव्हा दोघांनीही मान खाली घातली नाही.